चोरी कोंबड्यांची, घर गव्हर्नरचे

आमच्या घरात गवंडीकाम पिढीजात. त्यामुळे जुन्या इमारतीविषयी वाचताना ती कोणी बांधवून घेतली यापेक्षा प्रत्यक्ष कोणी बांधली, याकडेच माझे लक्ष जाते. सिडनीतील पहिले गव्हर्नमेंट हाऊस, म्हणजे गव्हर्नरचे निवासस्थान, जेम्स ब्लडवर्थ नावाच्या एका हद्दपार कैद्याच्या देखरेखीखाली उभे राहिले.

हा इंग्लंडच्या सरे परगण्यातला गवंडी. एक झुंजीचा कोंबडा आणि दोन कोंबड्या चोरल्याबद्दल १७८५ मध्ये त्याला सात वर्षांची हद्दपारी झाली आणि जानेवारी १७८८ मध्ये तो ‘शार्लट’ जहाजातून ऑस्ट्रेलियाला पोहोचला. तिथे वसाहत वसवायला ब्रिटनने पाठवलेल्या त्या पहिल्या जहाजांच्या ताफ्यात कैदी शेकड्यांनी होते, पण बांधकाम जाणणारे मोजकेच, त्यामुळे वसाहतीचा गव्हर्नर फिलिप याने वीटकामाची सारी जबाबदारी या कोंबडीचोरावरच सोपवली.

विटांसाठी माती चांगली मिळाली. अडले ते चुन्यावाचून. सिडनीजवळ चुनखडीच सापडेना, आणि नुसत्या मातीच्या गाऱ्यात रचलेली भिंत पावसात कशी टिकणार, तिच्यावर मजला तरी कसा चढणार? शेवटी कालवांचे शिंपले गोळा करून भाजले गेले आणि गव्हर्नरच्या घरापुरता चुना निघाला. आमच्या कोकणातही किनाऱ्यालगत शिंपल्यांचा चुना करीत, आणि ‘चुना जितका मुरेल तितकी भिंत जगेल’ असे आजोबा सांगत. इथे मुरवायला सवड होती कुठे? ओढकामाला जनावरेही पुरेशी नव्हती. पुढे वीटभट्टीवरून माल आणायला एकेका गाड्याला बारा कैदी जुंपले जात. एका खेपेला ३५० विटा, आणि दिवसाला अशा पाच खेपा. शिक्षा म्हणतात ती खरे तर हीच.

१७८९ मध्ये दुमजली घर पुरे झाले. १७९० च्या डिसेंबरात ब्लडवर्थला माफी मिळाली आणि पुढच्या वर्षी तो बांधकामांचा अधीक्षक झाला. शिक्षेची मुदत सरल्यावरही तो इंग्लंडला परतला नाही. मार्च १८०४ मध्ये न्यूमोनियाने तो वारला, तेव्हा अंत्ययात्रा इतमामाने निघाली, पण मागे कर्जच उरले होते. वसाहतीची घरे बांधणाऱ्याच्या गाठीला काही राहू नये, याचे मात्र मला फारसे नवल वाटत नाही.

ते घर १८४० च्या दशकात पाडले गेले. १९८३ मध्ये उत्खननात त्याचा पाया सापडला. आता तिथे सिडनीचे संग्रहालय आहे आणि काचेखाली तो पाया पाहता येतो.