दहा रुपयांचं भडंग: पाकीट उलटं बांधायचं

भडंगाचा, म्हणजे फोडणी दिलेल्या तिखट चुरमुऱ्यांचा, धंदा करू म्हणणारे बहुतेक जण कढईपासून सुरुवात करतात. चव जमली, पाहुण्यांनी 'लई भारी' म्हटलं, की मग पाकीट, मग किंमत, मग दुकानं. कोल्हापुरात चव जमणं ही अडचण नव्हेच, घरटी एक तरी हात भडंगाला बसलेला असतो. कढईतलं भडंग तासाभरात संपतं, पाकिटातलं मात्र चाळिसाव्या दिवशी फोडलं जातं, तेही आषाढात, गगनबावड्याच्या एखाद्या पानपट्टीवर. म्हणून हिशेब उलटा धरावा. आधी किंमत, मग ग्रॅम, मग फिल्म, म्हणजे पाकिटाचं प्लास्टिक, आणि सगळ्यात शेवटी फोडणी.

किंमत आपल्या हातात नसते. दुकानाच्या दाराला लटकणाऱ्या लडीतलं पाकीट ५ रुपयांचं किंवा १० रुपयांचं. १० चं धरू. दुकानदाराला २० टक्के सोडले की त्याला पाकीट ८ ला पडतं. डिस्ट्रिब्युटरचे आठेक टक्के काढले की तुमच्या दारातून ७.४० ला निघतं. त्यातला ५ टक्के जीएसटी वजा जाता ७.०५ (२२ सप्टेंबर २०२५ च्या आधी पॅकबंद नमकीनवर हाच १२ टक्के होता). आता ३० ग्रॅम भडंग, कच्चा माल किलोला ११५ धरला तर ३.४५. मजुरी, गॅस, वीज ६० पैसे. फिल्म ७०. लडी, पोतं, गाडीभाडं ४५. एकूण ५.२०. हाती १.८५ दिसतात आणि इथंच माणूस फसतो. 'बारावर एक फुकट' स्कीम लावली की पाकिटामागे ५४ पैसे गेले. मऊ पडून परत येणारा माल ४ टक्के धरला तर आणखी २८. उरला १ रुपया ३ पैसे, आणि त्यातून जागेचं भाडं, सेल्समनचा पगार, उधारी.

हे आकडे नमुन्याचे आहेत, कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात त्या दिवशी शेंगदाण्याचा आणि तेलाचा जो भाव असेल तो घालून बघा. पण मुद्दा बदलत नाही. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून ३० ऐवजी ३५ ग्रॅम भरले तर ५७ पैसे गेले, म्हणजे उरलेल्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा. आणि भडंगाला त्याची गरजही नाही. शेवेचे ३० ग्रॅम पाकिटाच्या तळाशी बसतात, चुरमुऱ्याचे ३० ग्रॅम पाकीट भरून दाखवतात.

वजनाची खरी डोकेदुखी वेगळी आहे. स्वस्त मशीन कपाने माप घेतं, वजनाने नाही. चुरमुऱ्याचं पोतं बदललं, दाणा जास्त फुललेला आला, की त्याच कपात २६ ग्रॅम बसतात. ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला वजनमापाच्या नियमात ९ टक्के, म्हणजे ३० ला २.७ ग्रॅम एवढी चूक चालते, पण सरासरी छापील वजनाखाली जाऊन चालत नाही. तेव्हा पोतं बदललं की पहिली २० पाकिटं काट्यावर टाकायची आणि कप फिरवून माप जुळवायचं.

फिल्मकडे या. भडंग खराब होण्याच्या आधी मऊ पडतं. ओलावा अडीच टक्क्यांच्या आसपास असताना ते कुरकुरतं, पाचच्या पुढे गेलं की चामट. म्हणजे ३० ग्रॅमच्या पाकिटाने पाऊण ग्रॅम पाणी प्यायलं की खेळ खलास. १४ बाय २० सेंटिमीटरच्या पाकिटाच्या दोन्ही बाजू मिळून ०.०५६ चौरस मीटर. साधी पॉलिथीन पिशवी ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला चौरस मीटरमागे दिवसाला साधारण ८ ग्रॅम वाफ आत सोडते. पावसाळी गारव्यात त्याचा तिसरा हिस्सा धरा. तरी रोज ०.१५ ग्रॅम, म्हणजे पाच दिवसांत मऊ. चांगली मेटलाइज्ड लॅमिनेट (आतून चंदेरी, थरांची) फिल्म अर्ध्या ग्रॅमच्या घरात असते, तिच्यात हाच हिशेब ऐंशी दिवसांवर जातो. फिल्मवाल्याकडून मायक्रॉन (जाडी) नव्हे, हा वाफेचा आकडा लेखी मागा. जाडी दाखवून गंडवणं सोपं असतं.

आता फोडणी. घरच्या कांदा-लसूण चटणीचं भडंग पहिल्या दिवशी अप्रतिम लागतं आणि पाकिटात तेच आधी मरतं. चटणीतल्या कांद्याला ओल असते, खोबरं खवट होतं. पाकिटासाठी कोरडा मसाला लागतो: रंगाला ब्याडगी मिरची, तिखटाला संकेश्वरी, धणे-जिरे भाजून. लसणाचा काप इतका तळायचा की बोटांत धरल्यावर चुरा व्हावा. आतून नरम राहिलेला एक काप आजूबाजूच्या चुरमुऱ्यांना ओल वाटत बसतो. कडीपत्त्याचं तेच. शेंगदाणे, लसूण, कडीपत्ता झाऱ्याने बाहेर काढून तेल थोडं निवल्यावर हळद आणि तिखट घालायचं, नाहीतर मसाला जळतो आणि कडवटपणा सगळ्या घाण्यात उतरतो. मीठ पिठासारखं बारीक हवं, जाडं मीठ तळाला जातं आणि शेवटचा घास खारट लागतो. पिठीसाखर आणि लिंबूसत्त्व चुरमुरे पूर्ण निवल्यावर. गरम असताना घातले तर वाफेने साखर सुटते, गोळे धरतात. सूर्यफूल तेल लवकर खवट होतं, पामोलिन टिकतं, शेंगतेलाची चव वेगळीच पण भाव बघा.

तेल किंवा मिरची बदलायची वेळ येतेच. तेव्हा 'कसं लागतंय?' असं विचारू नका, समोरचा भिडेखातर बरंच म्हणतो. तीन वाट्या ठेवा, दोनमध्ये जुनं, एकात नवीन, आणि वेगळी वाटी कोणती ते ओळखायला सांगा. वाट्यांचा क्रम दर वेळी बदला. २४ जणांत १३ किंवा जास्त जणांनी बरोबर ओळखलं तर फरक खरोखर कळतोय. अंदाजाने आठ जण तसेही बरोबर येतात.

दुकानांत पहिल्या फेरीची ऑर्डर मोजू नये, ती ओळखीवर आणि स्कीमवर मिळते. माल टाकायची एकच लाईन (रस्ता) घ्या, समजा रंकाळ्याकडून कळे, साळवणमार्गे गगनबावडा, ४० दुकानं. तिसऱ्या फेरीला स्कीम बंद असताना किती जणांनी आपणहून लडी मागितली, तो आकडा खरा. पुढं घाट उतरून कोकणात माल गेला की 'हवा कमी भरलीय' अशी तक्रार येईल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, खाली हवेचा दाब जास्त, त्यामुळं इथं भरलेलं पाकीट तिथं पाच-सहा टक्के आकसतं. गळती नसते ती.

गळती ओळखायला बादली पुरते. परत आलेलं पाकीट पाण्याखाली दाबा. बुडबुडे सीलमधून आले तर मशीनच्या सील मारणाऱ्या जबड्यात मसाल्याची पूड किंवा तेल अडकतंय, भरणीचा वेग कमी करा, जबडा दर तासाला पुसा. बुडबुडा नाही पण भडंग मऊ आहे, तर चुरमुरे गरम भरले गेले, लसूण ओला राहिला किंवा फिल्म हलकी. कुरकुरीत आहे पण वास मारतोय, तर तेल नाहीतर शेंगदाणा, आणि शेंगदाणा असेल तर पोत्यातले उरलेले चाखून बघा, ते आधीच जुने निघतात.