अंगावर येणारे चित्रपट: कुठले बघायचे, कुठले सोडायचे

इफ्फीचं, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं, वेळापत्रक जाहीर झालं की नाटकातल्या पोरांचे मेसेज सुरू होतात. "दादा, हा बघू काय? म्हणतात अर्धं थिएटर उठून जातं." कुणाला तेवढ्यासाठीच तो बघायचा असतो, कुणी तेवढ्यासाठीच धास्तावलेला असतो. मी प्रकाशयोजना करणारा माणूस. फोंड्याचं कला मंदिर, कला अकादमीची नाट्यस्पर्धा, गावोगावची उत्सवी नाटकं यांत माझी उमेदीची वर्षं गेली. अंधारात काय दाखवायचं आणि काय झाकायचं हेच माझं काम, त्यामुळे या प्रश्नावर मला मनापासून काही सांगायचं आहे.

आधी त्या उठून जाण्याबद्दल. २००४ पासून इफ्फी गोव्यात आहे आणि चित्रपट चालू असताना उठणारी माणसं आम्ही दर वर्षी बघतो. त्यातली कितीतरी पुढच्या खेळाची रांग धरायला निघालेली असतात. कुणाला भूक लागलेली असते, कुणाला म्हापशाची शेवटची बस गाठायची असते. चित्रपट सहन न होऊन उठणारेही असतात, पण अंधारात कोण कशासाठी उठलं ते कळत नाही. किती लोक उठले यावरून चित्रपट बघायचा की नाही हे ठरवणं मला पटत नाही.

वादाचंही तेच. २०१७ मध्ये रवी जाधवांचा मराठी 'न्यूड' आणि मल्याळम 'एस. दुर्गा' हे दोन्ही चित्रपट ज्युरीने इंडियन पॅनोरमासाठी, म्हणजे इफ्फीतल्या भारतीय चित्रपटांच्या विभागासाठी, निवडले होते, आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाने ते यादीतून काढले. ज्युरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पणजीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पुढच्या वर्षी 'न्यूड' प्रदर्शित झाला तेव्हा ज्यांनी तो बघितला त्यांना त्यात काय दिसलं? मुलाला वाढवण्यासाठी कला महाविद्यालयात चित्रकारांपुढे बसणारी एक आई. वादाच्या बातम्या वाचून त्या बाईची कुणाला कल्पनासुद्धा आली नसती.

आणि अंगावर येणारं काही बघणं मराठी प्रेक्षकाला नवं आहे असंही नाही. तेंडुलकरांच्या 'गिधाडे'त गरोदर माणिकच्या पोटात तिचेच भाऊ लाथा घालतात आणि नंतर ती येते ती साडीवर डाग घेऊन. सेन्सॉरला तो लाल डाग नको होता. डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि प्रेक्षकांना सांगितलं की हा निळा डाग लाल समजावा. दिवे लावणारा म्हणून सांगतो, त्या सूचनेने डाग फिका झाला नाही, उलट प्रत्येकाने तो आपापल्या डोक्यात रंगवून घेतला असणार.

महोत्सवात दाखवायच्या चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळते. म्हणजे तिथे कात्री लागलेली नसते आणि काय बघायचं याची जबाबदारी आपलीच असते. घरी मोबाइलवर तर विचारायलाच नको. म्हणून चित्रपट किती काळा आहे हे मी आता विचारत नाही. मी विचारतो, हा काळोख कुणाच्या अंगावर बनवला?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मंडळाच्या नाटकात नवरा बायकोचा गळा आवळतो असा प्रसंग होता. तालमीत ठरलं होतं की तिने डाव्या हाताने फळीवर दोनदा थाप मारली की त्याने पकड सैल सोडायची आणि मी डिमर खाली आणायचा. ती थाप पहिल्या रांगेतल्या माणसालाही धडपडीचा भाग वाटायची. मी मात्र त्या एका हाताकडे डोळे लावून बसायचो, नवऱ्याकडे बघायचोच नाही. प्रयोगाच्या रात्री मागून एक म्हातारी ओरडली, "सोड रे तिला, मुडद्या!" मंडपात चिडीचूप. काळोख झाला, पडदा पडला, आणि विंगेत पाणी पिता पिता त्या मुलीने मला विचारलं, "लाइट जरा लवकर गेली काय?" म्हातारीचा जीव वरखाली झाला होता आणि मुलगी लाइटची चौकशी करत होती. असं झालं पाहिजे. ती भीती सगळ्यांनी मिळून बनवलेली होती आणि तिच्या हातात ती थांबवायची सोय होती.

म्हणूनच 'लास्ट टँगो इन पॅरिस' मी कुणाला बघ म्हणून सांगत नाही. १९७२ चा चित्रपट, थोर म्हणून गाजलेला. मारिया श्नायडर तेव्हा १९ वर्षांची होती आणि समोर मार्लन ब्रँडो ४८ चा. बलात्काराच्या त्या प्रसंगात लोणी वापरायचं हे पटकथेत नव्हतं. तिला ते चित्रीकरणाच्या अगदी आधी सांगितलं गेलं. प्रत्यक्ष संभोग नव्हता, पण आपले अश्रू खरे होते आणि अपमान वाटला होता, असं ती पुढे बोलली. दिग्दर्शक बर्तोलुच्चींनीही २०१३ मध्ये कबूल केलं की नटीची नव्हे, मुलीची प्रतिक्रिया हवी होती म्हणून तिला आधीपासून कल्पना दिली नाही. हे कळल्यावर मला तो प्रसंग नाटक म्हणून बघताच येत नाही. फळीवर थाप मारायची सोय त्या मुलीला कुणी ठेवलीच नव्हती. छायाचित्रण सुंदर आहे, ब्रँडो अफाट आहे, सगळं मान्य. तरी नको.

'कॅनिबल होलोकॉस्ट'चं तर इतकंही बोलायला नको. १९८० च्या त्या इटालियन चित्रपटात माणसं मारल्याचा आरोप झाला तेव्हा दिग्दर्शकाला आपले नट जिवंत आहेत हे दाखवून द्यावं लागलं. नट जिवंत होते. पण पडद्यावरचं कासव, माकड, डुक्कर कॅमेऱ्यापुढे खरंच मारलं होतं. त्यामागे म्हणे प्रसारमाध्यमांवर टीका आहे. असेल.

दुसरा प्रश्न मला शाळेत किंवा पुस्तकात मिळाला नाही, तो मिळाला झर्म्याला. सत्तरीतल्या या गावात होळीनंतर चोरांचा उत्सव होतो. चोर समजून गावाने कधीकाळी निरपराध माणसांना ठार केलं, अशी कथा आहे. त्यांची आठवण म्हणून काही जणांना मातीत असं पुरतात की फक्त मुंडकी वर दिसतात. काहींचं डोकं मातीखाली आणि धड बाहेर. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी हे बघितलं तेव्हा डोळे मिटून घेतले होते. मोठा झाल्यावर लक्षात आलं की गाव तिथे मारणाऱ्यांचा पराक्रम दाखवत नाही. कुणी तलवार घेऊन नाचत नाही. मातीत आहेत ते मेलेले, आणि भोवती उभे आहेत ते मारणाऱ्यांचे वंशज. दर वर्षी त्यांनी ते पाहायचं. घाव घालून झाल्यावर गोष्ट कुणापाशी थांबते, हे मी तेव्हापासून प्रत्येक चित्रपटात बघतो.

या कसोटीवर माझ्या दृष्टीने सगळ्यांत वर असलेला चित्रपट म्हणजे एलेम क्लिमोव्हचा 'कम अँड सी', १९८५ चा. १९४३ मधला बेलारूस, जर्मनांनी व्यापलेला, आणि बंदूक मिळाली म्हणून हरखलेला फ्लिओरा नावाचा पोरगा. तो आणि ग्लाशा ही मुलगी त्याच्या गावी परत येतात. घरात कुणी नाही. चुलीतलं सूप अजून गरम आहे. जमिनीवर बाहुल्या पडल्या आहेत आणि माश्यांची घूं घूं थांबत नाही. फ्लिओरा सूप खातो. मग आई कुठे असेल हे आपल्याला ठाऊक आहे असं म्हणून तो पळत सुटतो, ग्लाशा त्याच्यामागून पळते, आणि पळता पळता एकदाच मागे वळून बघते. घराच्या मागच्या भिंतीशी प्रेतांचा ढीग आहे. क्षणभरच. फ्लिओराला तो दिसत नाही, तो धावतोच आहे. आता तिच्याजवळ ती गोष्ट आहे आणि आपल्याजवळही, आणि त्याला ती सांगायची कशी, हे दोघांनाही कळत नाही. रक्ताचा एक थेंब जवळून दाखवलेला नाही. दिवे लावणाऱ्याने शिकावं असं हे दृश्य आहे: प्रकाश सगळीकडे सारखा, ढगाळ, आणि प्रेतांवर वेगळा असा काहीच नाही.

चित्रपटाच्या शेवटी अक्षरं येतात की बेलारूसमधली ६२८ गावं माणसांसकट जाळली गेली. पटकथेत क्लिमोव्हबरोबर असलेले आलेस आदामोविच स्वतः मुलगा असताना त्या लढ्यात होते.

पण माझ्या पहिल्या प्रश्नापुढे हा चित्रपटही सहज सुटत नाही. चित्रीकरणात खऱ्या गोळ्या वापरल्या आणि काही आपल्या डोक्यावरून अगदी जवळून गेल्या, असं फ्लिओरा झालेल्या अलेक्सेई क्रावचेंकोने पुढे सांगितलं. तेव्हा तो शाळकरी पोरगा होता. शेतात गोळ्यांच्या माऱ्यात गाय मरते तो प्रसंग आता मला पूर्वीसारखा बघवत नाही. तरीही हा चित्रपट मी सोडायला सांगत नाही. श्नायडरने अपमान वाटल्याचं सांगितलं, क्रावचेंकोने तसं काही सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही, हा फरक मला मोठा वाटतो. पुरेसा वाटतो का? पूर्ण नाही.

गास्पार नोएच्या 'इर्रिव्हर्सिबल'बद्दल (२००२) पोरं फार विचारतात. त्यात सुरुवातीचा सुमारे अर्धा तास २७-२८ हर्ट्झचा अगदी खालचा आवाज पेरलेला आहे, बघणाऱ्याला मळमळावं म्हणून. मला हे आवडत नाही. स्ट्रोब, म्हणजे भराभर उघडझाप करणारा दिवा, लावला तर काय होतं ते मला माहीत आहे. माणूस नाटकामुळे नव्हे, दिव्यामुळे गरगरतो. म्हणून स्ट्रोब असेल तर प्रयोगाआधी सूचना द्यायला लावल्याशिवाय मी तो लावत नाही. पुढचा तो बलात्काराचा लांबलचक प्रसंग, कॅमेरा जमिनीवर ठेवलेला, नजर हटवू न देणारा, तो मला प्रामाणिक वाटतो. पण तिथे पोचेपर्यंत माझं शरीर आधीच वापरून झालेलं असतं. ज्याला बघायचाय त्याने बघावा. मी कुणाला आग्रह करणार नाही.

राहिला इटालियन दिग्दर्शक पाझोलिनीचा 'सालो'. माझी भाची गोवा विद्यापीठात शिकते, तिने मला विचारलं. १९७५ चा हा चित्रपट मुसोलिनीच्या अखेरच्या काळात, इटलीतल्या सालो गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या राजवटीत, १९४४-४५ मध्ये घडतो. चार सत्ताधारी, एक ड्यूक, एक बिशप, एक न्यायाधीश, एक प्रेसिडेंट, अठरा कोवळ्या मुलामुलींना एका बंगल्यात कोंडून त्यांचे हाल करतात. चित्रपट लोकांपुढे येण्याच्या काही आठवडे आधी, २ नोव्हेंबर १९७५ ला, पाझोलिनींचा खून झाला. त्यात विष्ठा खायला लावण्याचे प्रसंग आहेत, ती चॉकलेट आणि संत्र्याच्या मार्मलेडची बनवलेली होती. सेटवर वातावरण हसतंखेळतं होतं असं त्यातल्या नटांनी सांगितलंय. म्हणजे पहिल्या प्रश्नापुरतं माझं मन निवांत. तिला म्हटलं, आधी त्या सालोच्या राजवटीबद्दल वाच, रात्री बघू नको, एकटी बघू नको, आणि नको वाटलं तिथे बंद कर. बंद केलास म्हणून कुणी तुला कच्ची म्हणणार नाही.

तिने पूर्ण बघितला आणि घरी आली ती भांडायच्याच तयारीने. "मामा, त्या अठरा जणांतल्या एकाचंही नाव माझ्या लक्षात राहिलं नाही. ते चार म्हातारे मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तूच म्हणतोस ना, गोष्ट कुणापाशी थांबते ते बघ?"

मी म्हटलं, शेवट आठव. अंगणात छळ चाललाय आणि ते चौघे पाळीपाळीने खिडकीत खुर्चीवर बसून दुर्बिणीतून बघतात. आवाज ऐकू येत नाही. आपल्यालाही तेच दिसतं, त्याच दुर्बिणीतून. सत्ता माणसाचं नाव पुसते, आणि ते पुसणं बघत बसणाऱ्याचा त्यात वाटा असतो, हे दाखवायला पाझोलिनीने आपल्याला त्या खुर्चीत बसवलंय.

"बसवलं म्हणून बसायचं?" ती म्हणाली.

त्यावर आमचं जेवण होईपर्यंत चाललं होतं. झर्म्याला निदान त्या मुंडक्यांचे चेहरे दिसतात, हा तिचा मुद्दा मला खोडता आला नाही. 'सालो' एकदा बघावा असं मला अजूनही वाटतं, ज्याला त्या राजवटीचा इतिहास माहीत आहे त्याने. तिचं मत आहे की तोच इतिहास एखाद्या पुस्तकातून वाचलेला बरा.

'कम अँड सी' मात्र ती बघणार आहे, येत्या शनिवारी सकाळी, आमच्याच घरी. गाईच्या प्रसंगातल्या गोळ्यांबद्दल मी तिला आधीच सांगून ठेवलंय. ते माहीत नसताना तिने तो प्रसंग बघावा असं मला वाटलं नाही.