करडू कुठंय?

शाळेत लेखक येणार म्हटलं की आधी चिठ्ठ्या तयार होतात. माण तालुक्यातल्या त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही झाल्या होत्या. पाचवीतला एक मुलगा उभा राहिला, हात मांड्यांना चिकटवले आणि एका दमात म्हणाला, ‘आपणांस लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली धन्यवाद.’ आणि खाली बसला. उत्तराची त्याला काही पडली नव्हती, त्याचं काम झालं होतं. माझंही उत्तर तयारच असतं. आजीच्या गोष्टी, पेठेतलं वाचनालय, ‘किशोर’चे अंक. खोटं नाही त्यात काही, पण इतक्या वेळा सांगून झालंय की आता आजीसुद्धा पाठांतरातली वाटायला लागलीय.

‘किशोर’ निघालं १९७१च्या नोव्हेंबरात. मी वाचता झालो तोवर आमच्या वाचनालयात त्याच्या जुन्या अंकांना पुठ्ठे बांधून झाले होते. गोष्टीवर लेखकाचं नाव छापलेलं असायचं. पण ते नाव म्हणजे कुणी माणूस असेल, तो बशीत ओतून चहा पीत असेल, त्याला गाठून काही विचारता येईल, हे कधी डोक्यातच आलं नाही. आलं असतं तर मी एकच विचारलं असतं. साहसावर निघालेल्या या मुलांच्या घरी त्यांना कुणी शोधत कसं नाही? मी कोपऱ्यावरच्या दुकानात जरा रेंगाळलो तरी आईची हाक चार घरं ओलांडून यायची.

चिठ्ठ्या तीनच होत्या. त्या संपल्यावर गुरुजी म्हणाले, ‘आणखी कुणाला काही विचारायचं असेल तर...’ आणि घड्याळाकडे बघितलं. बाहेर खिचडीचा वास सुटला होता. अशा वेळी दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर मुलं खिचडीकडे बघतात, नाहीतर खरे प्रश्न सुरू होतात.

‘पेन कोणतं वापरता?’ हा पहिला. तो कुठल्याही शाळेत पहिलाच असतो. मोठी माणसं याला हसतात, मी हसत नाही. इंग्रजीतला बालकथाकार रोआल्ड डाल बागेतल्या खोपटात, आईच्या जुन्या खुर्चीत बसून, मांडीवर आडवी फळी टाकून लिहायचा. सहा पिवळ्या पेन्सिली, टोकं करून ठेवलेल्या. कागदही पिवळाच, अमेरिकेहून मागवलेला. एवढं कळलं की माणूस कसा बसत असेल, पाठ कुठं दुखत असेल ते दिसतं. प्रेरणेतून काही दिसत नाही. मी खिशातलं रेनॉल्ड्स काढून दाखवलं. ‘आमच्याकडंबी हेच हाय,’ एकजण म्हणाला, आणि माझ्याकडे बघायची त्याची नजर जरा खाली आली. किंवा वर गेली, नक्की सांगता येत नाही.

‘पैसे किती मिळतात?’ सांगितले. शांतता पसरली. मागून कुणीतरी हळहळलं.

‘चुकलं की खोडता का?’ यासाठी मी पिशवीत कच्ची वही ठेवतो. ती हातोहात फिरली. एक अख्खं पान मी दोन तिरक्या रेघा मारून उडवलेलं होतं, तिथं घोळका थांबला. ‘आमच्या बाई असली वही परत लिवाय लावत्यात,’ एक मुलगी म्हणाली. बाई भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, हे पान मी पाच वेळा लिहिलंय. ‘कुणी लावलं?’ आता याला काय सांगणार!

मग ती उठली. सहावीतली असेल. वेण्या लाल रिबिनीत दुमडलेल्या, हातात माझंच पुस्तक, शाळेच्या पेटीतलं, शिक्का मारलेलं. पुस्तकाची गोष्ट साधी आहे. भाऊ-बहीण, त्यांची काळी उस्मानाबादी शेळी, ती माळावर हरवते, रात्र होते. शेवटी एक म्हातारा मेंढपाळ तिला दाव्याला धरून दारात आणून सोडतो.

‘सर, पैल्या पानावर तिच्या दुधाचा च्या केलाय.’

‘हो.’

‘मग करडू कुठंय?’

मला प्रश्नच कळला नाही. कुठलं करडू? माझ्या गोष्टीत करडू नव्हतंच.

‘दूध देती म्हंजी व्याली आसंल की,’ तिनं समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. ‘करडू न्हाय तर दूध कुठनं?’

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. त्यातल्या निम्म्या घरांत शेळी असणार. मी पुण्यात वाढलेला माणूस. माझं दूध पिशवीतून येतं आणि पिशवीला करडू नसतं. तरी मी एक पळवाट काढून पाहिली. म्हटलं, बाजारात विकलं असेल. ‘मग तसं लिवायचं ना,’ ती म्हणाली. आणि बसता बसता, सहज, आठवलं म्हणून बोलली, ‘आमची हरवली व्हती तवा आज्यानं करडूच नेलं व्हतं माळावर. त्ये वरडलं की आई वळकती. लगीच आली.’

मग खिचडीची घंटा झाली आणि वर्ग रिकामा झाला. मी बसून राहिलो.

तो मेंढपाळ मला पहिल्यापासून खुपत होता, हे सांगायला हवं. लिहिताना रात्र पडली, शेळी सापडेना, पानं संपत आली, तेव्हा मी त्याला कुठून तरी बोलावून आणला होता. संपादकांना तो आवडला होता, एका परीक्षणात त्याला ‘करुणेचं प्रतीक’ म्हटलं होतं. प्रत्यक्षात तो माझ्या आळसाचं प्रतीक होता. आणि उत्तर पहिल्याच पानावर होतं, चहाच्या कपात. दूध आहे म्हणजे करडू आहे. करडू घरात डालग्याखाली कोंडलेलं आहे. संध्याकाळ झाली, ते ओरडतंय. मग भावानं त्याला काखेत मारून माळावर का जाऊ नये?

मुलांची कल्पनाशक्ती, मुलांचं भावविश्व असं बरंच काही बालसाहित्याच्या परिसंवादात बोललं जातं, मीही बोललोय, मानधनही घेतलंय. पण समोर बसलेली मुलं बहुतेक वेळा हिशेब मागतात. इंग्रज लेखक टोलकिनचा मुलगा ख्रिस्तोफर पाच वर्षांचाही नसेल, तेव्हा बाप ‘हॉबिट’ची गोष्ट सांगत असताना त्यानं अडवलं होतं. मागच्या वेळी गोष्टीतल्या बिल्बोचं दार निळं होतं, आज हिरवं कसं? थोरिनच्या टोपीचा गोंडा सोनेरी होता, आज चंदेरी कसा? बाप त्याच्या नावानं काहीतरी पुटपुटत उठला आणि टेबलाशी जाऊन टिपण केलं. पुढे १९३६ साली त्याच गोष्टीचं हस्तलिखित प्रकाशकानं आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं, एक शिलिंग मेहनताना ठरवून. पोरानं अभिप्राय दिला की पाच ते नऊ वयाच्या मुलांना आवडेल. स्वतः दहाचा होता ना! पुढच्या वर्षी पुस्तक आलं.

मी त्या मुलीला शिलिंगही दिला नाही. पुस्तकाच्या हजार प्रती संपायला चार वर्षं लागली, मग दुसरी आवृत्ती निघाली. प्रकाशकांना फक्त मुखपृष्ठाचा रंग बदलायचा होता. मी शेवटची नऊ पानं बदलून दिली. मेंढपाळ गेला. भाऊ अंधारात करडू घेऊन निघतो, ते त्याच्या सदऱ्याची गुंडी चघळत असतं, आणि माळाच्या कडेला ते पहिल्यांदा ओरडतं, तेव्हा खालच्या ओघळीतून उत्तर येतं. ही गुंडी मात्र माझी आहे. बाकी तिच्या आज्याचं.

नव्या दोन प्रती शाळेच्या पत्त्यावर पाठवल्या. ती तोवर तिथून पुढं गेलेली असणार, हायस्कूलला, तालुक्याला. तरी आत चिठ्ठी ठेवली की सहावीतल्या अमुक प्रश्नावरून हा बदल केला आहे.

दीड महिन्यानं पोस्टकार्ड आलं. अक्षर तिचं होतं की दुसऱ्या कुणाचं, माहीत नाही. खाली सही नव्हती, नुसतं ‘इयत्ता ६ वी’. वर श्री, मग ‘सा. न. वि. वि.’, मग एकच ओळ, शाईनं, वाक्याखाली पट्टीनं रेघ मारलेली:

‘सर, उस्मानाबादी शेळीला बहुतेक दोन होतात. दुसरं कुठं आहे?’