मिटलेल्या वहीसमोर

रविवार, रात्री साडेनऊ

अंतर्गत परीक्षेतले सेंद्रिय रसायनशास्त्राचे गुण गुरुवारी कळले: 20 पैकी 9. या विषयासाठी मी वेळ दिला नव्हता असे मुळीच नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सलग तीन आठवडे रोज चार तास बसले होते आणि प्रतिस्थापन अभिक्रियांचे, म्हणजे रेणूतला एक गट जाऊन त्याजागी दुसरा येण्याचे, प्रकरण किमान पाच वेळा वाचून काढले होते. तरीही प्रश्न समोर आला तेव्हा उजव्या पानाच्या मध्यावर पिवळी रेघ आहे, तिच्याखाली आकृती आहे, एवढेच लख्ख आठवत होते. रेघेखालचे वाक्य काही केल्या आठवेना. पान माझ्या ओळखीचे झाले होते, पण पानावरचा मजकूर माझा झालेला नव्हता, हे त्या दहा मिनिटांत जितके स्पष्ट कळले तितके वर्षभरात कधी कळले नव्हते.

तेव्हापासून चार दिवस मी माझ्या अभ्यासाच्या सवयीच तपासून पाहते आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांविषयी वाचले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या ते स्वतःच पाठ करीत आणि वीस मिनिटांपासून एकतीस दिवसांपर्यंतच्या वेगवेगळ्या अंतरांनी त्यांतले किती उरले ते मोजून पाहत. पाठ केलेल्यापैकी बराच भाग पहिल्या तासाभरातच निसटतो आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावत जातो, असे त्यांना आढळले. अर्थ समजून वाचलेले इतक्या लवकर जात नाही, हे खरे. पण मी जे वाचत होते त्यातले किती अर्थ समजून वाचत होते, हा प्रश्न मला टाळता आला नाही.

त्याहून अधिक विचार करायला लावले ते हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या अमेरिकेतील प्रयोगाने. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला; दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. आपल्याला हे चांगले लक्षात राहील, असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता, हे वाचून मी थांबले, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्याही मनात नेमका तोच विश्वास होता.

आजी मला पाढे शिकवायची ते आठवले. पाढा ओळीने म्हणून झाला की ती भाजी निवडता निवडता मध्येच विचारायची, ‘तेरा साते किती?’ ओळीने म्हणताना जिभेला सवयीची लय सापडायची, पण असे मधूनच विचारले की डोके खरोखर चालवावे लागायचे. ते पाढे आजही जिथल्या तिथे आहेत.

आज दुपारी अभ्यासिकेत पहिल्यांदाच वही मिटून बसले. जुन्या जर्नलचा एक पाठकोरा कागद घेतला आणि एसएन-1 व एसएन-2 या प्रतिस्थापनाच्या दोन्ही अभिक्रिया आठवतील तशा लिहू लागले. पहिली दोन टप्प्यांत होते आणि तीत कार्बोकॅटायन, म्हणजे धनभारित कार्बन असलेला आयन, तयार होतो. दुसरी एकाच टप्प्यात होते, न्यूक्लिओफाइल, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन नवा बंध जोडणारा कण, मागच्या बाजूने येतो आणि वाऱ्याने छत्री उलटावी तशी रेणूची रचना उलटते, इथपर्यंत हात चालला. मग ॲसिटोनसारख्या द्रावकात दुसरी अभिक्रिया अधिक वेगाने का होते, तिथे अडले. वहीकडे हात जात होता, तो मुद्दाम आवरला. पाच-सात मिनिटे नुसती बसून राहिले. ती मिनिटे फार जड गेली, आणि हा जडपणा नको म्हणूनच आपण पुन्हा पुन्हा वाचत राहतो, असे मला वाटते. शेवटी वही उघडली. ॲसिटोन ध्रुवीय असला तरी न्यूक्लिओफाइलला हायड्रोजन बंधाने जखडून ठेवत नाही, त्यामुळे न्यूक्लिओफाइल मोकळा आणि क्रियाशील राहतो. हे वाक्य यापूर्वी पाच वेळा डोळ्यांखालून गेले होते, पण आज ते नेमके त्या रिकाम्या जागी जाऊन बसले. कागदावर ते लाल शाईने लिहिले.

संध्याकाळी मेसला जाताना माझ्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीला म्हटले, ‘अगं, मला वाटेत काहीही विचार, पण पुस्तकातल्या क्रमाने विचारू नकोस.’ तिने एसएन-1 चा वेग न्यूक्लिओफाइलच्या संहतीवर का अवलंबून नसतो, ते विचारले. वेग ठरवणारा टप्पा कार्बोकॅटायन तयार होण्याचा आहे आणि त्यात न्यूक्लिओफाइलचा सहभागच नसतो, हे तिला समजावून सांगताना माझ्या बोलण्यातल्या दोन सैल जागा मलाच ऐकू आल्या.

फोन बॅगेत ठेवणे आणि वेळेवर झोपणे हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते मी करतेच आहे. मला बदलायची आहे ती उजळणीची वेळ. आजवर सगळी उजळणी परीक्षेआधीच्या सुट्टीत एकदम व्हायची. त्या चार दिवसांत पास होण्यापुरते साधते, पण पुढच्या सत्रात त्याच पायावर नवा विषय उभा राहतो तेव्हा पाया जागेवर नसतो. म्हणून आजच्या कागदाच्या कोपऱ्यात सोमवार, गुरुवार आणि पुढचा रविवार असे तीन वार लिहिले आहेत. प्रत्येक वेळी नवा कोरा कागद घ्यायचा, वही मिटलेली ठेवायची आणि लिहून झाल्यावरच लाल शाईचे पेन हातात घ्यायचे. आजच्या कागदावर लाल ओळी अकरा आहेत. उद्या पहिल्या तासाआधी अर्धा तास मोकळा आहे, तेव्हा आधी द्रावकाचाच प्रश्न घेईन.