तुम्ही विचारलंत म्हणून: कटिबस्तीने फरक पडतो का?

सोसायटीत कुणाची कंबर धरली की मला हमखास विचारतात, "काकू, कटिबस्तीने खरंच फरक पडतो का हो?" पडतो. पण मी ती दोनदा केली आणि दोन्ही वेळचा अनुभव अगदी वेगळा आहे.

पहिल्यांदा सलग ७ दिवस केली. पालथं झोपायचं, कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं करायचं, त्यात कोमट सहचर तेल. निवलं की काढून पुन्हा गरम, असा अर्धा-पाऊण तास. उठताना फार हलकं वाटायचं. मग तशीच स्कूटरवर बसून पुण्यात धायरीहून शिवाजीनगरला जायचे, दिवसभर खुर्चीत. पंधरा दिवसांत दुखणं परत हजर.

दुसऱ्या खेपेच्या वैद्यबाईंनी कमरेआधी पोटाची चौकशी केली. शौचाला रोज होतं का, गॅस धरतो का, भूक कशी आहे. मला नवल वाटलं. त्या म्हणाल्या, "वाताचं मुख्य स्थान पक्वाशय, म्हणजे मोठं आतडं. दुखतं तिथे तेल ठेवूच, पण औषध त्याच्या घरी पोचायला हवं." म्हणजे गुदमार्गाने दिलेली बस्ती. नावं सारखी, म्हणून गल्लत होते. माझी ८ दिवसांची योगबस्ती झाली: ५ तेलाच्या, जेवणानंतर, ३ काढ्याच्या, रिकाम्या पोटी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अवघड होतं ते पुढचं. चरकसंहितेत बस्तीनंतरचा परिहारकाल, म्हणजे पथ्य पाळायचा काळ, उपचाराच्या दुप्पट सांगितलाय, म्हणजे माझे १६ दिवस. फार वेळ बसणं नको, दिवसा झोप नको, शौच-लघवीचे वेग अडवणं नको आणि वाहनातून फिरणं नको. ऐन पावसाळा, रस्त्यांवर खड्डे. मी सरळ रजा टाकली. घरी म्हणाले, ऑपरेशनला रजा घेतात, तेलाला कोण घेतं? माझ्या मते आपण नेमके तिथेच चुकतो. रास्ता पेठेतल्या ताराचंद आयुर्वेदिक रुग्णालयासारख्या ठिकाणी दाखल होऊन पंचकर्म केलं, तर निदान रोजची ये-जा वाचते.

दुखणं समूळ गेलं असं नाही. पाऊस लागला की जाणवतं. पण गौरींचा स्वयंपाक यंदा उभ्याने केला.

मात्र पायातली शक्ती जायला लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तेल-काढा काही बघू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठा.