पासवर्ड बरोबर, तरी ‘परमिशन डिनाइड’

एसएसएच म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकात लॉगिन करायची सोय. तिचा ‘परमिशन डिनाइड, प्लीज ट्राय अगेन’ हा शेरा डोक्यात जातो. त्या नावाचा युजरच नसला तरी हेच, पासवर्ड चुकला तरी हेच. बाहेरच्याला सुगावा लागू नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलंय, कबूल. पण रास्पबेरी पाय, म्हणजे एका छोट्या बोर्डवरचा संगणक, आपल्याच टेबलावर असतो तेव्हा या गुप्ततेचा काडीचा उपयोग नाही.

मेमरी कार्ड लिहिणं, वायफाय, बोर्डचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) शोधणं यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते भलतीकडेच. बोर्डला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडून लॉगिन केलं की पासवर्ड बिनतक्रार चालतो, लॅपटॉपवरून मात्र साफ नकार. अशा वेळी लोक सर्व्हरच्या सेटिंगमागे लागतात. आधी कीबोर्ड बघा. रास्पबेरी पाय ओएसमध्ये कीबोर्डची मूळ मांडणी ब्रिटिश, आपल्याकडचे कीबोर्ड बहुतेक अमेरिकन. अक्षरं आणि आकडे दोन्हींत जागच्या जागी, म्हणून शंका येत नाही. पण शिफ्ट धरून २ दाबलं की ॲटऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह, ३ दाबलं की हॅशऐवजी पौंड. पासवर्ड ठेवताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे ॲट समजून अवतरणचिन्ह साठवलं जातं. त्याच कीबोर्डवर पुन्हा तेच उमटतं, म्हणून तिथं जुळतं. लॅपटॉप खरा ॲट पाठवतो आणि मार खातो.

खात्री करायची तर बोर्डच्या काळ्या पडद्यावर ‘लॉगिन’ विचारतं तिथं, युजरच्या जागी, पासवर्ड टाइप करा. तिथं अक्षरं दिसतात. बघून झालं की एन्टर न दाबता पुसून टाका.

मांडणी रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या कमांडमध्ये लोकलायझेशन ऑप्शन्स, मग कीबोर्ड, इथं यूएस करता येते. पण तडक मांडणी बदललीत तर जुना पासवर्ड बोर्डवरही चालेनासा होतो. म्हणून आधी नुसत्या अक्षर-आकड्यांचा तात्पुरता पासवर्ड ठेवा, मग मांडणी बदलून रीबूट करा आणि हवा तो पासवर्ड त्यानंतर.

खरं तर याही आधी लॉग, म्हणजे बोर्डने ठेवलेल्या नोंदी, बघाव्यात. स्क्रीन जोडलेलीच आहे, तर जर्नलसीटीएल या कमांडने एसएसएच सेवेचा लॉग चालू ठेवा आणि लॅपटॉपवरून प्रयत्न करा. ‘इनव्हॅलिड युजर’ आलं तर नावच चुकलंय: एप्रिल २०२२ पासून ‘पाय’ हा तयार युजर मिळत नाही, आणि जुने लेख अजून तोच सांगत बसतात. नुसतं ‘फेल्ड पासवर्ड’ असेल तर वरचा कीबोर्डचा घोळ. लॉगमध्ये ओळच उमटली नाही तर तुम्ही बहुधा दुसऱ्याच यंत्राचं दार ठोठावताय; राउटरने आयपी बदलला असेल.

पासवर्ड न विचारताच नकार आणि कंसात फक्त ‘पब्लिककी’ असेल तर पासवर्डने लॉगिन बंद आहे. मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये ‘यस’ लिहूनही कधी कधी फरक पडत नाही, कारण एसएसएचडी (बोर्डवर चालणारा एसएसएचचा सर्व्हर) आधी वाचलेली किंमत धरतो आणि ‘एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी’ फोल्डरमधल्या फाइली सुरुवातीलाच वाचल्या जातात. ‘सुडो एसएसएचडी’ या कमांडला मोठ्या टीचा पर्याय दिला की प्रत्यक्षात लागू असलेली सेटिंगं दिसतात. ‘पासवर्डऑथेंटिकेशन’ची ओळ शोधा.

रूट या सर्वाधिकारी युजरने शिरायचा प्रयत्न असेल तर सोडा: मूळ सेटिंगमध्ये पासवर्ड विचारला जातो, पण बरोबर असला तरी घेतला जात नाही.