तीखी, मोळी आणि काले: बडोद्यात लंच सापडेपर्यंतचा माझा अनुभव

जूनमध्ये नाशिकहून बडोद्याला आले तेव्हा राहायची सोय एकदम मस्त झाली होती, दांडिया बाजारात खोली, आजूबाजूला मराठी घरं, घरमालकीण काकूसुद्धा मराठी, म्हणजे भाजी आणायला गेल्यावर गुजराती आणि घरात आल्यावर मराठी. गाडी अडली ती दुपारच्या जेवणावर. ऑफिस अलकापुरीत, लंचला अर्धा तास, आणि सकाळी उठून डबा करणं माझ्याच्याने होत नाही, खोटं कशाला बोलू.

पहिले दोन आठवडे सेव उसळ खाल्ली. आपल्या मिसळीची चुलत बहीणच ती, वाटाण्याची उसळ, वर शेव, तरी वेगळी, सोबत पाव. चव जबरदस्त, पण तीन वाजता एक्सेल शीटसमोर डोळे मिटायला लागले की कळतं हे रोज खायचं प्रकरण नाही. मग पार्सल मागवून बघितलं, त्यात निम्मा वेळ डिलिव्हरीवाल्याला गेट कुठलं ते सांगण्यात जायचा.

जुलैत एक दिवस पाऊस असा कोसळला की अलकापुरीचं गरनाळं भरलं. गरनाळं म्हणजे रेल्वेखालचा बोगदा, जोराचा पाऊस झाला की तिथून जायचं नाव काढायचं नाही. मग जेतलपूर ब्रिजवरून वळसा घालून गेले आणि ऑफिसच्या मागच्या गल्लीतून आत शिरले, तिथे हे सँडविचचं दुकान दिसलं. दुकान कसलं, एक शटर, दोन ग्रिलर, एक गॅस आणि एक काका. एवढ्या पावसातही दहाएक माणसं छत्र्या घेऊन उभी, म्हंटलं इथे काहीतरी आहे.

दुपारी गेले. काका म्हणाले, "बेन, जैन के रेग्युलर?" मला धड ऐकू आलं नाही, मी आपली मान हलवली. मग, "तीखी के मोळी?" आता आपल्याकडे मोळी म्हणजे लाकडाची! सँडविचमध्ये लाकडं कुठून आली या विचारात मी परत मान हलवली. हातात आलं ते कच्च्या केळ्याचं जैन सँडविच, कांदा नाही, बटाटा नाही, बीट नाही आणि चटणी इतकी सौम्य की माझी भाचीसुद्धा खाईल. गंमत म्हणजे आवडलं. उकडलेल्या केळ्याच्या चकत्यांवर मसाला भुरभुरला होता आणि ब्रेड कडेपर्यंत कुरकुरीत. ऑफिसमधल्या गुजराती मैत्रिणीला सांगितलं तर ती हसून हसून बेजार, मग तिने समजावलं, मोळी म्हणजे कमी तिखट.

दुसऱ्या दिवसापासून मी रेग्युलर, तीखी. तेव्हा बाजूला उभी राहून काकांचा हात बघत बसले. ब्रेडवर आधी बटर, अगदी कोपऱ्यांपर्यंत, आणि त्यावर हिरवी चटणी. मी घरी आयुष्यभर चटणीच आधी लावत आले आणि सँडविच भिजून लगदा झालं की ब्रेडवाल्याला शिव्या घालत आले. बटरचा थर मध्ये असला की चटणीचं पाणी ब्रेडमध्ये उतरत नाही, एवढं साधं. मग बटाटा, काकडी, टोमॅटो, कांदा, बीट, प्रत्येक थरावर चिमूटभर मसाला, सगळा एकदम वरून नाही. काकडी इतकी पातळ की पलीकडचं दिसेल. ग्रिल झाल्यावर चार तुकडे, वर बारीक शेव, कागदी डिश. चीज घालू नका असं माझं मत आहे, चीजखाली चटणी मरते, पण रांगेतली निम्मी जनता चीजवालीच असते.

वेळेचंही गणित बसवावं लागलं. एकला गेलं तर पंचवीस मिनिटं रांगेत, म्हणून मी पावणेएकला सटकते, साहेबांना वाटतं मी प्रिंट घ्यायला गेले.

सगळ्यात मोठा घोटाळा ऑक्टोबरात झाला. काका सँडविच देता देता म्हणाले, "बेन, काले बंध छे." मला वाटलं, काल दुकान बंद होतं असं सांगतायत, पण काल तर मी इथेच खाल्लं होतं, असेल काहीतरी, मी "बरं बरं" म्हणून निघाले. दुसऱ्या दिवशी भर उन्हात शटर खाली! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ते उद्याबद्दल बोलत होते, गुजरातीत "काले" म्हणजे कालही आणि उद्याही. त्या दिवशी लंचला पार्ले-जी आणि चहा. मग दिवाळी आली आणि दुकान थेट लाभपाचमेपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत बंद. ऑफिस मात्र आधीच सुरू झालेलं, घरमालकीण काकूंनी दया येऊन दोन दिवस चिवडा बांधून दिला, बाकीचे दिवस विचारू नका.

आता काका मला बघितलं की न विचारताच हिरव्या चटणीच्या डब्यात चमचा घालतात. फक्त "काले" शब्द कानावर पडला की मी पैसे देता देता थांबते आणि विचारते, "काका, गई काले के आवती काले?" आणि रांगेतले सगळे हसतात, हसू दे.